टिल्लू कॅमेऱ्याने काढलेला जावई

फोटो धुऊन येईपर्यंत माणसं आठवडाभर दम धरायची, त्या काळची गोष्ट. गजाभाऊ फोटोग्राफरकडे दोन कॅमेरे होते. एक लोखंडी अंगाचा दादा आणि दुसरा खेळण्यातला, प्लास्टिकचा टिल्लू. ऐन लग्नसराईत दादाची स्प्रिंग तुटली.

"टिल्ल्या, आज फोटो बिघडले तर उद्या भंगारात!" गजाभाऊंनी बजावलं.

"रीळ सरकवल्याशिवाय माझं बटण दबतच नाही," दादा गुरगुरला. "तुझं?"

"आपलं कधीही दाबा!" टिल्लू खिदळला.

मंडपात थोरले जावई रुसले. पहिला फेटा दुसऱ्याच कुणाला बांधला म्हणे! ते मागे जाऊन बसले आणि ग्रुपफोटो त्यांच्याविना निघाला. मग गजाभाऊंनी मागे डोकावून, जिलबी हाणणाऱ्या जावयांचाही फोटो काढला, पण मध्ये रीळ सरकवायला विसरले. टिल्लूने ओळखलं, दोन्ही फोटो एकावर एक उमटणार. आता भंगार नक्की! तरी जिलबी बघून त्याला हसू आवरेना.

फोटो आला. खाली चिमुकलं वऱ्हाड आणि वर आभाळभर जावई, जिलबीचा हात उंचावून सगळ्यांना आशीर्वाद देताहेत!

गजाभाऊ घामाघूम झाले. जावयांनी मात्र फोटो छातीशी धरला. "याला म्हणतात मान! मोठा करून द्या, भिंतीएवढा!"

टिल्लू वाचला. पुढे त्या पंचक्रोशीतले जावई रुसण्याआधी हळूच चौकशी करू लागले, "गजाभाऊ, आज टिल्लूच आणलाय ना?"