चार कड्यांचं तपेलं

“मग देऊन टाकू का राजीनामा, अप्पा?”

मठाचे स्वामी अप्पा एका भल्यामोठ्या तपेल्यात डोकं घालून आतला तांब्याचा लाल डाग बोटाने चाचपत होते.

मठाच्या अंगणात कल्हईची भट्टी पेटली होती. खाजाभाई कल्हईवाले भाता मारत होते आणि नवसागराचा धूर सगळ्यांना उगीचच रडवत होता. बसव जयंती तोंडावर आली होती. त्या दिवशी मठात अख्ख्या गावाची पंगत बसते, म्हणून भांडी बाहेर काढली होती.

मन्मथ हत्तरगे पायरीवर बसून राहिला. तो वीज वितरण कंपनीत कार्यकारी अभियंता. दोन तालुक्यांतले खांब, तारा आणि शिव्या त्याच्या वाट्याला आलेल्या. एरवी साहेब म्हणून गाडीतून उतरणारा हा माणूस मठात आला की चपला दाराबाहेर काढून खालच्या पायरीवर बसायचा. लहानपणी अप्पांनीच त्याला लिंगदीक्षा दिली होती. काही मोठं करायचं असलं की तो उत्तर घरूनच ठरवून यायचा, आणि तेच अप्पांच्या तोंडून वदवून घेऊन परत जायचा.

आज अप्पा काही वदायला तयार नव्हते.

“कशाला कंटाळलास? कामाला?” शेवटी तपेल्यातूनच आवाज आला.

“कामाला नाही. लोकांना.”

“लोकांनी काय केलं?”

मन्मथ या प्रश्नाची वाटच पाहत होता.

“काय केलं? विचारा काय नाही केलं! गावात पहिल्या घरावर सौर पाट्या बसल्या, तेव्हा मीच जाऊन नारळ फोडला होता, अप्पा. हौसेनं. मग डॉक्टरांच्या दवाखान्यावर बसल्या. तेलगिरणीवर बसल्या. कॉलेज झालं, बंगल्यांची अख्खी कॉलनी झाली. बिल वेळेवर भरणारी सगळी माणसं. आता दिवसा त्यांची वीज त्यांची ते करतात.”

“चांगलं आहे की.”

“त्यांचं चांगलं आहे. मागं राहिले कोण? ज्यांच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर नाही ते. तारा होत्या तेवढ्याच आहेत, खांब तेवढेच, डीपी तेवढ्याच. तो सगळा खर्च आता उरलेल्यांवर. मग दर वाढतो. दर वाढला की आणखी चार जण पाट्या बसवतात. की पुन्हा दर वाढतो…”

“हं.”

“आणि दिवस मावळला की हीच मंडळी माझ्या दारात! पाट्या झोपल्या, आता तुम्ही द्या. सगळ्यांना द्या, एकदम द्या. जरा दिवे गेले की फोनवर फोन. दिवसभर ओळखसुद्धा दाखवत नाहीत.”

अप्पांनी तपेल्यातून डोकं बाहेर काढलं. दाढीला काजळी लागली होती.

“ऊन कुणाचं आहे, मन्मथा?”

“कुणाचंच नाही.”

“मग चुकलं कुणाचं?”

…

मन्मथची खरी गोची हीच होती. आकडा टाकून वीज चोरणारा सापडला तर आकडा काढता येतो, दोन शब्द सुनावता येतात. पण शहाण्या माणसाने आपल्याच छपरावर पडणारं ऊन वापरलं, तर त्याच्यावर डोळे कसे वटारायचे? ज्याच्यावर राग काढावा असा एकही माणूस सापडत नव्हता, आणि राग तर पोटात मावत नव्हता.

वर मठाच्या छपरावरही पाट्या चमकत होत्या. तेलगिरणीच्या मालकांनी अर्पण केलेल्या. आल्यापासून मन्मथने तिकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

दासोहाचा, म्हणजे मठातल्या अन्नदानाचा, स्वयंपाक करणारी महादेवी भट्टीपलीकडे राखेने पराती घासत होती. ती वीटभट्टीजवळच्या वस्तीत राहायची. कंपनीची तार जिथे संपते, त्या शेवटच्या खांबाखाली तिचं घर.

“साहेब,” ती हात न थांबवता म्हणाली, “तुमच्या घरावर बी हायत नव्हं का तसल्या पाट्या?”

खाजाभाईंचा भाता जरा मंदावला.

“आहेत,” मन्मथ म्हणाला.

“बरं हाय.”

तिने टोमणा मारला नव्हता, खरोखरच बरं म्हटलं होतं. मन्मथला ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

त्याने विषय बदलला. “एवढं मोठं तपेलं कुणाचं हो, अप्पा?”

“गावाचं. तुझ्या आईबापाच्या लग्नाचा भात यातच शिजला. पूर्वी घरटी वर्गणी यायची, त्यात कल्हई व्हायची.”

“आणि आता?”

“आता घरोघरी स्टीलची भांडी आली. मोठ्या घरांना केटरर आले. वर्गणी देतात ती वस्तीवरची माणसं. त्यांच्यापाशी दुसरं भांडं नाही.”

“पण जे वापरतच नाहीत, त्यांनी वर्गणी का द्यावी?”

मन्मथ हे फटकन बोलून गेला आणि जागच्या जागी थिजला. हेच वाक्य त्याला फोनवर रोज ऐकावं लागत असे, आणि रोज ते ऐकून त्याचं डोकं फिरत असे.

उत्तर दिलं ते खाजाभाईंनी.

“वापरलं का न्हाई, भांड्याला काय कळतंय साहेब? नुसतं ठिवलं तरी हिरवं पडतंयच.”

“मागल्या पावसाळ्यात डॉक्टरांचे वडील गेले,” अप्पा म्हणाले. “ओढ्याला पूर. केटररची गाडी पलीकडं अडकली, आणि दारात ही एवढी माणसं. डॉक्टर स्वतः आले, तपेलं मागायला.”

“दिलंत?”

“कल्हई होती, म्हणून दिलं.”

…

मन्मथने रुमालाने डोळे पुसले. धूर होताच.

मग त्याने खरं काय ते सांगून टाकलं. पुण्याची एक कंपनी त्याला बोलावत होती. छपरांवर पाट्या बसवणारी. गाडी, घर, मान, सगळं देत होती. उद्या सकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

“तिकडं शिव्या नाहीत, अप्पा. तिकडं लोक हार घालतात. इथं मी किती दिवस खिंड लढवू? जे जायचे ते जाणारच आहेत. उद्या बॅटऱ्या स्वस्त झाल्या की रात्रीचेही जातील. मग मीच तेवढा का मागं राहू?”

“तुझ्या जागेवर कोण येईल?”

“कुणी नाही. हल्ली जागा भरतच नाहीत. शेजारच्या कुलकर्णींकडं जादा कारभार देतील.”

“ते मोकळेच असतील.”

“मोकळे कसले? आधीच एक जादा कारभार आहे त्यांच्या गळ्यात. तेही सोडायच्याच विचारात आहेत. त्यांना हे कळलं तर उद्याच सोडतील…”

मन्मथला आपण काय बोललो ते ऐकू गेलं नाही. थकलेल्या माणसाला आपलं बोलणं ऐकायचंही त्राण नसतं.

खाजाभाईंनी तपेलं भट्टीवर घेतलं. ते फिरवत फिरवत तापवलं, कथलाची कांडी आत टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील एका दमात सगळीकडे पसरवलं. पाणी पडलं, चर्र झालं. काळवंडलेलं तपेलं आतून पांढरंशुभ्र निघालं.

“चल, धर,” अप्पा म्हणाले. “कोठीत न्यायचंय.”

तपेल्याला चार कड्या होत्या. एका कडीला मन्मथ लागला. डाव्या हाताला महादेवी, उजव्या हाताला खाजाभाई, आणि थेट समोर अप्पा. त्यांचं वय पाहता त्यांनी हात लावायला नको होता. पण त्यांना हे सांगायचं कुणी?

चौघांनी श्वास घेतला आणि उचललं. तपेलं जड होतं, पण चार हातांत बसलं. पावलं जुळली.

दहा-बारा पावलं झाली असतील, तेवढ्यात मन्मथचा फोन वाजला. पुण्याच्या माणसासाठी त्याने निराळी धून लावून ठेवली होती. ती ऐकताच त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला.

“एक मिनिट हं,” म्हणत त्याने कडी सोडली.

तपेलं त्याच्या अंगावर कललं, म्हणून तो मागे सरकला. समोरच्या अप्पांच्या हातात वजनच उरलं नाही. सगळा भार डावी-उजवीकडच्या दोघांवर गेला. खाजाभाईंनी दातओठ खाऊन पेललं. महादेवीच्या हातून कडी निसटली आणि तपेल्याची कड तिच्या पावलावर आली.

फरशीवर दणकन आवाज झाला. फोन वाजतच राहिला.

महादेवी खाली बसली. अंगठ्याचं नख उचकटून रक्त आलं होतं. ती ओरडली नाही की रडली नाही. पदराने अंगठा दाबत ती एवढंच म्हणाली, “साहेब, सांगून तरी सोडायचं.”

मन्मथने फोन बंद केला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक कडी सुटली तर भार कुणावर जातो, हे त्याला कागदावर झोपेतही सांगता आलं असतं. नोकरीला लागल्यापासून तो दुसरं काय करत आला होता? पण कडी सोडताना ते त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याच्या मनात फक्त आपला फोन होता.

खाजाभाईंनी बादलीतलं पाणी अंगठ्यावर ओतलं. अप्पांनी खांद्यावरच्या भगव्या पंच्याची पट्टी फाडून बांधली.

“तुम्ही बसा, मावशी,” मन्मथ म्हणाला. “आम्ही तिघं नेतो.”

“तिघांनी जातंय व्हय ते?” महादेवी उठली, लंगडत आपल्या जागेवर आली आणि तिने कडी धरली.

मन्मथ आपल्या कडीपाशी वाकला. या वेळी त्याने दोन्ही हात घातले.

तपेलं पुन्हा उचललं गेलं. आता चाल महादेवीच्या पायाने ठरत होती, म्हणजे मुंगीच्या पावलाने. सूर्य तेलगिरणीच्या चिमणीमागे उतरला. छपरावरच्या पाट्या विझल्यासारख्या काळ्या पडल्या. बंगल्यांच्या कॉलनीत एकेक करत दिवे लागले, नंतर पार टोकाला वीटभट्टीच्या वस्तीतही एक-दोन लुकलुकले. या घटकेला कंपनीच्या तारांवर काय ओझं येतं हे या अंगणात एकट्या मन्मथला ठाऊक होतं. दिवे लागले आहेत, म्हणजे कुठेतरी कुणीतरी ते पेलत होतं.

अंगणाच्या मधोमध अप्पा थांबले. म्हणून सगळेच थांबले, तपेलं हातात तसंच अधांतरी.

म्हाताऱ्याचे दंड थरथरत होते. मन्मथच्या तळहातात कडी रुतली होती.

“तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं ना रे?” अप्पा म्हणाले. “विचार आता.”

“आता? असं?”

“असंच.”

मन्मथने डावीकडे पाहिलं. महादेवीच्या अंगठ्यावरची भगवी पट्टी काळसर होत चालली होती. उजवीकडे खाजाभाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि तो पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

“अप्पा, मी थकलोय हो,” तो म्हणाला. “खरंच थकलोय.”

“मीपण.”

…

“मग उद्या काय सांगू त्यांना? सोडू का नोकरी?”

अप्पांनी तपेल्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

“सोड की,” ते म्हणाले. “पण आधी चौघं मिळून हे खाली टेकवू.”