मळ्यातल्या कुत्र्याला वास का येत असे?

डोंगराच्या पायथ्याशी कौतिकबाईचा मळा होता आणि त्या मळ्यात एक गावठी कुत्रा राहत असे. मुलांनो, हा कुत्रा दिसण्याआधीच कळत असे, कारण त्याच्या अंगाला भयंकर वास येई! कसला म्हणाल, तर कुजलेल्या पेंढ्याचा, आंबलेल्या पाण्याचा आणि आणखी अशा काही गोष्टींचा, की त्यांची नावे घेतली तर तुम्ही आज जेवणार नाही. कौतिकबाई भाकरी टाकायची तीसुद्धा लांबूनच. "मेल्या, रोज कुठं लोळून येतोस रे?" असे म्हणून ती पदर नाकाला लावायची. कुत्रा शेपूट हलवायचा आणि भाकरी खायचा.

गोठ्यातली मंडळी मात्र फार टापटिपीची. तिथे एक बैल होता, तो सगळ्यांत मोठा आणि आपण मोठे आहोत हे कधी न विसरणारा. एक शेळी होती, तिला नुकतेच करडू झाले होते आणि तेव्हापासून तिला जगातली प्रत्येक गोष्ट घाणेरडी वाटत होती. एक मांजर होती, ती दिवसभर स्वतःला चाटत बसे. आणि एक कोंबडा होता. त्याला कशाचाही छडा लावायचे वेड. कौतिकबाई रोज दिवस मावळताना बादल्या ओतून गोठा धुवायची. शेण, मूत, घाण पाणी सगळे भिंतीच्या तळाशी असलेल्या मोरीतून मागच्या बाजूला वाहून जाई. "आपल्यासारखा स्वच्छ गोठा पंचक्रोशीत नाही," असे बैल रोज एकदा तरी म्हणे. ते पाणी पुढे कुठे जाते, हे त्याने कधी पाहिले नव्हते.

पोळा दोन दिवसांवर आला आणि बैलाचा धीर सुटला. कौतिकबाईकडे हा एकच बैल, शेजारच्या मळ्यातही एकच. म्हणून नांगरणीला दोघे एका जोडीत चालत आणि पोळ्याला तोरणाखालीही जोडीनेच उभे राहत. "मी झूल घालून उभा राहणार, शिंगांना रंग लावणार, आणि माझ्या मळ्याचा हा कुत्रा मागून दरवळत येणार!" बैल गरजला. "माझा जोडीदार काय म्हणेल? पोळ्याच्या आत या वासाचं कारण सापडलं पाहिजे. नाही सापडलं, तर कुत्र्यानं मळा सोडायचा!"

कुत्र्याचे कान पडले. पिल्लू असताना तो याच मळ्यात आला होता, दुसरे घर त्याला ठाऊकच नव्हते. "दादा, मला तर काहीच वास येत नाही," तो हळूच म्हणाला.

"तुला कसा येईल? आम्हाला येतो ना!" शेळी फणकारली.

"थांबा, थांबा, थांबा!" कोंबडा टुणकन गव्हाणीवर चढला. त्याचा तुरा आनंदाने थरथरत होता. "हे काम माझ्याकडे द्या! मी शोधून काढतो! मावशी, तुमचं नाक तिखट. आधी त्याचं तोंड हुंगा!"

मांजरीने चेहरा वाकडा केला, पण उत्सुकता कुणाला नसते? तिने कुत्र्याचे तोंड हुंगले. "शिळी भाकरी," ती म्हणाली. "आणि थोडं ताक. बाकी काही नाही." मग कान हुंगले. कान ठीक होते. मग पाय हुंगले. पायांना मातीचा वास होता, आणि मातीचा वास तर सगळ्यांनाच येतो. कोंबडा दर वेळी "अरेच्चा!" म्हणून उडी मारी. शेवटी मांजरीने कुत्र्याची पाठ हुंगली आणि ती ताडकन मागे उडाली. तीनदा शिंकली बिचारी!

"पाठ!" कोंबडा ओरडला. "सापडलं! वास पाठीत आहे! म्हणजे धुतला की गेला! सोपं आहे!"

लगेच सगळी वरात ओढ्यावर. बैलाने कुत्र्याला पाण्यात ढकलले, शेळीने काठावरून सूचना दिल्या, कोंबडा "इथं घास, तिथं घास" करत नाचला, आणि कुत्रा वाळूत पाठ घासून घासून अगदी लाल झाला. बाहेर आला तेव्हा मांजरीने डोळे मिटून, जीव मुठीत धरून हुंगले.

"गेला!" ती किंचाळली. "वास गेला!"

काय आरडाओरड झाली म्हणून सांगू! कोंबडा अवेळी आरवला. बैलाने कुत्र्याच्या पाठीवर प्रेमाने नाक टेकवले. कुत्रा तर आनंदाने गोल गोल फिरून स्वतःचीच शेपटी पकडू लागला. आता मळा सोडायला नको, एवढेच त्याच्या मनात होते. पण सकाळी तो गोठ्याच्या दारात आला, आणि शेळीने करडाला पोटाखाली घेऊन नाक फिरवले. वास परत आला होता. कालच्यापेक्षा जरा जास्तच.

कोंबड्याने आणखी एक शोध लावला होता, वास सकाळी फार असतो आणि संध्याकाळपर्यंत कमी होतो, पण याचा अर्थ काय ते त्याला उमगेना. शेळीला मात्र अर्थ केव्हाच उमगला होता. "कारणबिरण काही नाही हो. जातच गावठी. आतूनच येतो वास, कितीही धुवा!" ती म्हणाली. आणि मुलांनो, शोधून दमलेल्यांना असले उत्तर फार आवडते, कारण पुढे शोधावे लागत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"उद्या पोळा," बैल म्हणाला. त्या दिवशी त्याची खांदेमळणी होती. जू ओढून दुखावलेल्या खांद्यांना कौतिकबाईने हळद आणि लोणी चोळले होते, त्यामुळे त्याचा आवाज जरा मऊ होता. "आज पुन्हा ओढ्यात अंघोळ कर आणि पलीकडे कडब्याच्या गंजीपाशी झोप. उद्याचा सण झाला की तुझी वाट तू धर. गोठ्याच्या आसपास फिरकायचं नाही."

"जातो, दादा," कुत्रा म्हणाला. "पण मागची ती मोरी..."

"शी! सणासुदीचं मोरीचं नाव काय काढतोस!" बैल ओरडला. कुत्रा खाली मान घालून गेला.

पोळ्याच्या दिवशी पूर्वेला तांबडे फुटत होते. कोंबडा आरवण्यासाठी छाती फुगवून कुडाच्या भिंतीवर चढला आणि तसाच उभा राहिला. मागच्या झुडपातून एक कोल्हा येत होता. घाई नाही, भीती नाही, आपल्याच घरी निघाल्यासारखा! तो सरळ मोरीपाशी गेला, अंग चपटे केले आणि सर्रकन आत शिरला. पुढच्याच क्षणी आतून शेळीची किंकाळी आली.

"कोल्हा! कोल्हा!" कोंबडा असा ओरडला की त्याचा घसा बसला. आत कोल्ह्याने करडाची मान धरली होती. शेळी दावे ताणून ताणून ओरडत होती. बैल खुंटा उपटायला पाहत होता, पण खुंटा मजबूत होता. कोल्हा करडाला ओढत मोरीकडे निघाला. चार पावलांवर मोरी!

आणि गंजीकडून कुत्रा निघाला! काय धावला तो! बांध ओलांडला, पाट ओलांडला, आणि गोठ्याच्या दाराकडे पाहिलेही नाही. तो थेट मागे गेला, मोरीत डोके घातले आणि खांद्यापर्यंत स्वतःला कोंबून घेतले. कोल्हा आतून आला तो त्याच्या दातांवरच! करडू टाकून कोल्ह्याने त्याच्या नाकाला चावा घेतला. कुत्रा हलला नाही. दुसरा चावा घेतला. कुत्रा गुरगुरला, पण मागे सरला नाही. त्याच्या मानेवरून, पाठीवरून गोठ्याचे तुंबलेले घाण पाणी वाहू लागले. शेवटी कोल्ह्याने मोरीचा नाद सोडला आणि तो गोठ्यात सैरावैरा पळू लागला. तेवढ्यात गलका ऐकून कौतिकबाईने काठी घेऊन दार उघडले. कोल्हा तिच्या पायांतून निसटला आणि डोंगराकडे पळाला, तो पुन्हा त्या वाटेला आला नाही.

करडू धडपडत उठले. मानेला दोन ओरखडे होते, बाकी धडधाकट. शेळी त्याला चाटत होती आणि रडत होती. मग कुत्रा मोरीतून मागे सरकून, वळसा घालून दारात आला, आणि त्याच्याबरोबर तो वासही आला. तोच वास! कालच्या अंघोळीची काही खूण उरली नव्हती.

"चुकलो, दादा," तो घाईने म्हणाला. "गोठ्याजवळ यायचं नव्हतं. लगेच जातो."

कोंबडा मात्र आता भिंतीवरून खाली उडी मारून वेड्यासारखा पळत सुटला. तो मोरीच्या आतल्या तोंडाशी गेला, हुंगला. बाहेरच्या तोंडाशी गेला, हुंगला. कुत्र्यापाशी आला, हुंगला. "सापडलं!" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "या खेपेला खरंच सापडलं! अरे, तू रोज झोपतोस कुठं?"

"मोरीच्या तोंडाशी," कुत्रा म्हणाला. "गेल्या साली शेळीताईचं पहिलं करडू गेलं ना, तेव्हा तिथं मला कोल्ह्याच्या पावलांचे ठसे दिसले होते. तेव्हापासून मी भोकाला पाठ लावून झोपतो."

"आणि रोज आमचा गोठा धुतलेलं पाणी..."

"येतं अंगावर. त्याचं काय!" कुत्रा ओशाळून म्हणाला. "तो वास म्हणता होय तुम्ही? मला वाटायचं, तो आपल्या घराचा वास आहे."

शेळी दावे ताणून पुढे झाली, आणि कालपर्यंत नाक फिरवणाऱ्या त्या शेळीने कुत्र्याच्या नाकावरची जखम चाटली. "पहिलं करडू गेलं तेव्हा मी तुलाच दोष दिला होता रे," ती म्हणाली. बैलाने तर मान खालीच घातली होती. आपल्या स्वच्छ गोठ्याची त्याला फार लाज वाटली.

दुपारी बैलाला झूल चढली, शिंगांना हिंगूळ लागला, गळ्यात घुंगरमाळ आली. वाजंत्री वाजू लागली. कौतिकबाईने कासरा ओढला, पण बैल जागचा हलेना. तिने पुचकारले, पाठीवर थाप मारली, हलेना! तो मागे वळून कुत्र्याकडे पाहत राहिला. अखेर कुत्रा भीत भीत त्याच्या शेजारी आला, आणि बैलाने लगेच पाऊल उचलले. "बरं बाई, येऊ दे त्यालाही," कौतिकबाई हसून म्हणाली. सकाळी मोरीत अडकलेला कुत्रा तिनेही पाहिला होता. सण आटोपला की त्या मोरीला लोखंडी जाळी बसवायची, हे तिने मनाशी पक्के केले होते.

तोरणाखाली गावातले सगळे बैल रांगेत उभे होते. आपला बैल जोडीदाराशेजारी जाऊन उभा राहिला, आणि दोघांच्या मध्ये कुत्रा बसला. जोडीदाराने नाक वर केले, इकडे पाहिले, तिकडे पाहिले.

"शी! काय घाण वास हा! कुणाचा रे?"

बैलाने घुंगरमाळेसकट मान ताठ केली.

"आमचा," तो म्हणाला.

तात्पर्य : कुणाच्या अंगाला घाण दिसली, तर नाक मुरडण्याआधी पाहावे, ती आपलीच तर त्याने अंगावर घेतलेली नाही ना.