तंबोऱ्यावरचा चिकटा

एकदा एका वृद्ध गवयांच्या तंबोऱ्यावर चिकटपट्टीचा काळा चिकटा राहून गेला, आणि त्यापायी त्यांचा एक शिष्य गाणे सोडून जायच्या बेतात होता. तो चिकटा कसा निघाला, ते सांगतो.

गवयांचे नाव त्र्यंबकबुवा. कृष्णाकाठच्या एका लहान गावात ते राहत. वय झाले होते, आवाज पूर्वीसारखा वर चढत नव्हता. शिकवण्याची हौस मात्र तशीच होती. त्यांचा तंबोरा त्यांना त्यांच्या गुरूंकडून मिळालेला. भोपळ्यावर लाखेचे जुने पॉलिश होते, चिंचोक्यासारखे तांबूस काळे आणि तुळतुळीत. तो तंबोरा पुसणे, लावणे, गवसणीत घालणे हे सारे इरावती पाहत असे. ती बुवांची सर्वांत जुनी शिष्या. तंबोऱ्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला फारसा खपत नसे.

दौलत हा त्यांचा दुसरा शिष्य. लग्नकार्यात आणि उत्सवांत स्पीकर लावण्याचा त्याचा व्यवसाय. तिशी उलटल्यावर तो गाणे शिकायला आला होता आणि सगळ्यांच्या मागे, दाराजवळ बसत असे.

रामनवमीच्या उत्सवात देवळात बुवांचे गाणे ठरले. तंबोरा मागच्या लोकांना ऐकू येत नाही हे दौलतच्या ध्यानात आले. त्याने एक छोटा माइक चिकटपट्टीने भोपळ्याला लावला. गाणे रंगले, आणि पार मागे बसलेल्यांपर्यंत तंबोऱ्याचा षड्ज पोहोचला. पण भैरवी संपता संपता बुवांना घेरी आली. धावपळ उडाली. इरावती बुवांबरोबर दवाखान्यात गेली. दौलतने घाईने माइक तेवढा सोडवला, पट्टी नंतर सावकाश काढू म्हणून तशीच ठेवली. कोणीतरी तंबोरा गवसणीत घालून घरी पोहोचवला.

बुवांचे दुखणे लांबले. सबंध उन्हाळा शिकवणी बंद राहिली आणि ती पट्टी गवसणीच्या आत तापत राहिली.

बुवा हिंडूफिरू लागल्यावर शिष्य पुन्हा जमले. इरावतीने गवसणी उतरवली आणि तिच्या कपाळावर आठी पडली. पट्टी वाळून कडक झाली होती. तिने ती ओढली तेव्हा वरचे कापड निघून आले आणि खाली चिकट्याचा काळपट थर राहिला. बुवा अजून आतल्या खोलीत होते. इरावतीने सर्वांसमक्ष दौलतला म्हटले, "वायरी ओढणाऱ्याच्या हाती तंबोरा कधी देऊ नये, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं."

दुसऱ्या दिवसापासून दौलतने येणे बंद केले.

इरावतीने मग चिकटा काढायला घेतला. ओल्या फडक्याने तो नुसता पसरला. नखाने निघेना. शेवटी तिने सुरीची बोथट बाजू घेतली आणि जोर लावला. ओरखडा पडून पॉलिशचा एक पापुद्रा उडाला आणि खालचा फिकट भोपळा दिसू लागला. हे कोणाला कळण्याआधी निस्तरावे म्हणून तिने एका रंगाऱ्याकडून थिनरची बाटली आणली. बाटलीचे झाकण ती उघडत होती, तेवढ्यात बुवा काठी टेकत बाहेर आले.

ते तिच्याशेजारी बसले आणि त्यांनी भोपळ्यावरून हात फिरवला. एका जागी त्यांचे बोट क्षणभर थांबले. थिनरने चिकट्याबरोबर लाखही विरघळेल एवढे सांगून त्यांनी झाकण लावायला लावले. मग दौलत कुठे आहे याची चौकशी केली. आपण काय बोललो आणि तो का येत नाही, हे इरावतीला सांगावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवांनी रिक्षा बोलावली, तंबोरा मांडीवर घेतला आणि इरावतीला बरोबर घेऊन ते दौलतच्या दुकानात गेले. स्पीकरच्या खोक्यांमधून वाट काढत ते आत शिरले आणि उठून उभ्या राहिलेल्या दौलतपुढे त्यांनी तंबोरा धरला. दौलतने हात मागे घेतले.

"मला नका देऊ, बुवा. मला भीती वाटते."

"वाटू दे," बुवा म्हणाले. "पट्टी तू लावलीस, चिकटा तूच काढ. घाई नाही."

आणि तंबोरा तिथेच ठेवून ते परतले.

इरावतीला हे पटेना. ज्याच्या निष्काळजीपणाने वाद्य खराब झाले, त्याच्याच हवाली ते करून बुवा निश्चिंतपणे रिक्षात बसले होते. तिने कारण विचारले, तेव्हा तंबोरा येईपर्यंत आपण तसेच गाऊ, एवढेच त्यांनी सांगितले.

मग शिकवणी तंबोऱ्याविना चालली. सूर सारखा घसरे, बुवा तो पुन्हा लावून देत. इरावतीचे लक्ष लागत नसे. एकदा निमित्त काढून ती दौलतच्या दुकानावरून गेली. तो आत गोधडीवर बसला होता. भोपळा मांडीवर होता, बोटाला मलमलचे फडके गुंडाळलेले होते. तो अगदी हलक्या हाताने एका जागी बोट फिरवत होता आणि तोंडाने हळूच षड्ज लावत होता. तिला त्याने पाहिले नाही. तीही हाक न मारता परतली.

काही दिवसांनी दौलत तंबोरा घेऊन आला. चिकटा नाहीसा झाला होता. पट्टीच्या जागी पॉलिश किंचित गडद दिसत होते. कसे केले, असे बुवांनी विचारल्यावर तो संकोचत सांगू लागला. आधी खुंट्यांच्या मागे, न दिसणाऱ्या जागी, खोबरेल लावून पाहिले. पॉलिशला काही झाले नाही, तेव्हा चिकट्यावर थेंबभर लावले आणि वर फडके घालून राहू दिले. मऊ पडेल तेवढाच बोटाने गोळा केला, बाकीचा दुसऱ्या दिवसासाठी ठेवला. जोर कुठेच केला नाही.

"एक ओरखडा तेवढा राहिलाय," खाली बघत तो म्हणाला. "माइक काढताना माझ्याच हातून झाला असणार."

इरावतीने मान वर केली.

बुवा तिच्याकडे वळले. "तू विचारलं होतंस ना, याच्या हवाली का केला म्हणून? ऐक. चिकटा काढणाऱ्याला दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. काढायचा तो चिकटा आणि राखायचं ते पॉलिश. मनात राग असला की बोटांना हा भेद कळत नाही. याच्या मनात भीती होती आणि तंबोऱ्याविषयी माया होती. असा माणूस हळू हात चालवतो. आणि चुकलेल्या माणसाच्या हातून वस्तू काढून घेतली, तर त्याच्यापाशी नुसती चूक उरते. ती घेऊन तो घरी बसतो. वस्तू त्याच्या हाती राहिली, तर चूक सुधारायला त्याला काहीतरी जागा मिळते."

इरावती म्हणाली, "बुवा, तो ओरखडा याचा नाही. माझा आहे. सुरीने झाला." मग ती दौलतकडे वळली. "त्या दिवशी मी बोलले, तेही बोलायला नको होतं."

दौलत गोंधळून दोघांकडे पाहत राहिला. बुवांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसले नाही. त्यांनी तंबोरा उचलला आणि इरावतीच्या मांडीवर ठेवला.

"मग तेवढ्या जागी लाख तू लाव," ते म्हणाले.

तिचे हात क्षणभर मागे झाले. दौलतने दुकानात हात का मागे घेतले होते, ते आता तिला कळले. मग तिने भोपळा दोन्ही हातांनी नीट धरला.

"लाख लावताना भोपळा हलता कामा नये," ती दौलतला म्हणाली. "कोणीतरी धरायला हवं. उद्या जरा लवकर येशील?"

"येतो, ताई," दौलत म्हणाला, आणि दाराजवळची आपली जागा सोडून तो तिच्या शेजारी येऊन बसला.