केसोपंतांनी लिहिलेला सडा

फार वर्षांपूर्वी आमच्या गावाच्या वर, सड्यावर, माणूस राहत नव्हता. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा कोसभर सपाट काळा कातळ. राजाच्या मनात आलं, की तिथे गाव वसवावं. जागा कशी आहे ते लिहून आणायला त्याने दरबारातले कवी केसोपंत यांना पाठवलं, आणि आमच्या कुशाबा गुरवालाही सांगितलं, की तूही लिही.

केसोपंत भाद्रपदात आले. तेव्हा सड्यावर सोनकी आणि तेरडा फुलला होता, खळग्याखळग्यांत पाणी होतं, ढग गुडघ्याला लागत होते. त्यांनी लिहिलं, की इथे धरित्री पिवळा शालू नेसून उभी आहे आणि दगडालाही दूध फुटतं. असं म्हणतात, की ते वाचताना राजाच्या महालात फुलांचा वास सुटला. कुशाबाने चारच ओळी लिहिल्या. दगड आहे. माती वीतभरही नाही. पाणी पौषात आटतं. मग दीड कोस खाली उतरावं लागतं. राजाने तो कागद बाजूला ठेवला. गुरवाला शेजार नको असेल, असं तो म्हणाला.

चाळीस घरं सड्यावर गेली. केसोपंतांचा स्वतःच्या शब्दांवर इतका विश्वास, की त्यांनी आपली एकुलती लेक आवडी आणि जावई यांनाही पाठवलं. जावई नव्या गावाचा जोशी झाला.

पौषात पाणी आटलं. माघात जनावरं बसली, ती उठली नाहीत. कुशाबा रोज खालून कावड नेई, पण चाळीस घरांना एक कावड कुठे पुरणार? चैत्रात माणसं उतरू लागली. ज्यांच्या अंगात उतरण्याचं बळ नव्हतं, ती वरच राहिली.

केसोपंत वैशाखात लेकीला भेटायला वर आले. आवडीला जाऊन तेव्हा चार दिवस झाले होते, जावई तिच्याही आधी गेला होता. जाळायला लाकूड नव्हतं, म्हणून कुशाबाने दगड रचले होते. ती जागा त्याने दाखवली.

पंत दगडांजवळ खाली बसले. मग म्हणाले, "कुशाबा, तुझं खरं होतं."

"तुमचंही खरं होतं, पंत. तुम्ही भाद्रपदात आला होता."

"मग राजाने माझंच का ऐकलं?"

"तुमचं ऐकावंसं वाटत होतं," कुशाबा म्हणाला.

केसोपंत परत गेले नाहीत. छिन्नी घेऊन कातळावर बसले आणि भाद्रपद सोडून उरलेले अकरा महिने इथे कसे असतात, ते कोरू लागले. असं म्हणतात, की सात वर्षं ते घाव खाली गावात ऐकू येत. लोकांना वाटायचं, इतक्या घावांनी कुठेतरी पाझर फुटेल. फुटला नाही. पावसाळ्यात अक्षरांवर शेवाळ चढे, फुलं उगवत, आणि पंत ती रडत रडत उपटत. असं म्हणतात, की ऊन सोसून त्यांचं अंग काळं आणि टणक होत गेलं. एका दुपारी कुशाबा पाणी घेऊन वर गेला, तर तिथे माणूस नव्हता, दगड होता. त्याने तांब्या त्यावर ओतला. दगडाने पाणी पिऊन टाकलं, वर ओलसुद्धा राहिली नाही.

ती अक्षरं आता कुणालाच वाचता येत नाहीत. सड्यावर पुन्हा कुणी घर बांधलं नाही.

पण बाहेरच्या कुणाला आमच्या गावात मुलगी द्यायची असेल, तर आम्ही सोयऱ्यांना भर वैशाखात बोलावतो. मुलीलाही आणा म्हणतो. विहिरीचा तळ दाखवतो, पाण्याची वाट चालवून दाखवतो. याला केसोपंतांचं बघणं म्हणतात. बरेच सोयरे बघून निघून जातात. आम्ही त्यांना थांबवत नाही.