खणखण्या डोंगराची कपार

बसा मंडळी, खाली बसा. उभ्या माणसाला ही कपार कळत नाही. भिंतींवर, छतावर हे काळे, तांबडे, भुरे पट्टे आमच्याच गावानं रंगवलेत. आणि हे धोंडे वाजवले की घंटेसारखे खणखणतात.

फार पूर्वी, असं सांगतात, हा डोंगर आतून गुरगुरायला लागला. भांडी हलत, गुरं दावी तोडत. पोटातली आग बाहेर येणार म्हणून सगळं गाव गाड्या जुंपून निघालं. त्यात हैबती पाथरवट होता आणि त्याची बायको सगुणा. तिचे दिवस भरलेले. पायथ्याशीच कळा सुरू झाल्या, गाडीचे हादरे तिला सोसेनात. गाव पुढं गेलं. त्यांना दोष देऊ नका, जीव सगळ्यांनाच प्यारा असतो. धुरपा सुईण तेवढी मागं राहिली. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं झालं. ज्या डोंगराला भ्यायचं, त्याच्याच कपारीत तिला आणावं लागलं.

आत खडकात तांबडा पट्टा होता. तो बघून सगुणा किंचाळली, "अवं, आग आली!"

हैबती म्हणाला, "आग कवाच विझली गं. तिच्यात भाजलेली माती हाय ही. तिच्यावर पुन्हा आग आली, पुन्हा माती बसली, असे थर हायती. एवढं होऊनबी गवत उगवलंच की न्हाई?"

तिला गुरगुर ऐकू येऊ नये म्हणून त्यानं हातोडीनं धोंडे वाजवायला घेतले. तीच तांबडी माती घेऊन भिंतीवर पट्टे ओढत तो आगीची, मातीची, गवताची गोष्ट गात राहिला. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात माती. कसं जमलं ते मला विचारू नका, मी तिथं नव्हतो.

पोरगी झाली, पण रडेना. धुरपानं पाठ थोपटली, तळवे चोळले. हैबतीचा हात थांबला.

"थांबू नगा," सगुणा म्हणाली, "वाजवा!"

त्यानं मोठ्या धोंड्यावर असा घाव घातला की अख्खी कपार दणाणली, आणि पोरीनं टाहो फोडला. डोंगराच्या पोटातून आलेलं ते रडणं पुढं गेलेल्या गावानं ऐकलं, म्हणे, आणि गाड्या माघारी वळवल्या. गुरगुर तेव्हापासून थांबली. म्हातारे म्हणाले, डोंगर रागावला नव्हता, त्यालाही कळाच येत होत्या.

आजही दर चैत्रात आम्ही पट्टे नव्यानं रंगवतो आणि दाटीवाटीनं इथं बसून ती गोष्ट ऐकतो. वर्षभरात जन्मलेली बाळं मांडीवर असतात. मोठा धोंडा दणाणला की ती भोकाड पसरतात, आणि कोणी त्यांना गप्प करत नाही. यंदा माझी नात होती, सातव्या महिन्यात झालेली, एवढीशी. सगळी रडली, ती मात्र टकमक बघत राहिली. मग ओठ काढले आणि रडली एकदाची. खरं सांगतो, मला असं हायसं वाटलं की मीही तिच्याबरोबर रडून घेतलं.