उतारपेठेत पाण्याचा आग्रह करीत नाहीत

या पेठेत मोठ्या हॉटेलात उतरा, की माझ्यासारखीच्या लहानशा लॉजवर उतरा, पद्धत एकच. यजमान तुमच्यासाठी भरलेल्या तांब्यातले पाणी तुमच्यादेखत आधी स्वतः पितो, मग पेला भरून पुढे ठेवतो आणि गप्प बसतो. ‘घ्या ना’, ‘एवढे तरी घ्याच’ असे इथे कोणी म्हणत नाही. बाहेरून आलेल्यांना वाटते, काय तुसडी माणसे आहेत. वाटू दे. कोपऱ्यावरच्या नव्या हॉटेलवाल्याने तर भिंतीवर रंगवूनच घेतले आहे, की आमचे पूर्वज म्हाळोजी अतिथींसाठी विष प्याले. ते वाचले की मला मळमळते. म्हाळोजी काय प्याला आणि कशासाठी प्याला, ते माझ्या सासूकडून ऐकले तसे सांगते.

नदीवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. लोक नावेने पलीकडून येत आणि याच पेठेत मुक्काम करीत. म्हाळोजीची सराई सगळ्यांत मोठी. तिच्या चौकात विहीर होती आणि तिचे पाणी इतके गोड, की लोक त्या पाण्यासाठीच तिथे उतरत. म्हाळोजी आग्रहाचा मोठा. पाहुणा पुरे म्हणाला तरी हात धरून पेला त्याच्या तोंडाला लावील, असा. लोकांना त्याचे भारी कौतुक.

एकदा ऐन जत्रेत त्या विहिरीत घूस पडून मेली, म्हणे. कळले तेव्हा ती फुगून कुजली होती. गळ टाकून ओढली तर अर्धीच वर आली. विहीर उपसायला हवी होती, पण सराई माणसांनी भरलेली. नदीचे पाणी आणून द्यावे, तर विहिरीला काय झाले, हे कोणीतरी विचारणारच. म्हाळोजीने विहिरीवर फळ्या टाकल्या, रांजणात वाळा सोडला, वर केवडा घातला आणि तेच पाणी लोकांना पाजले. घरच्यांसाठी मात्र माजघरात नदीचे पाणी वेगळे भरून ठेवले. त्याची बायको गिरजा हे सगळे पाहत होती आणि गप्प होती. लोक म्हणत, वा, काय सुवास आहे पाण्याला! आणि हा मेला त्यांना आणखी आग्रह करी.

दुपार कलताना चांगुणा नावाची एक म्हातारी आली. बरोबर तिची नात, तापाने फणफणलेली. पोर सारखी पाणी मागत होती. म्हाळोजी पेला घेऊन पुढे झाला, तर म्हातारीने हात आडवा घातला.

“आधी तू पी, बाबा. घरधन्यानं घोट घेतल्याबिगर आमच्यात पाव्हणा पाणी घेत न्हाई.”

सगळा चौक बघत होता. म्हाळोजी प्याला. हसत प्याला, असे सांगतात. लोकांना ही रीत इतकी आवडली, की जो तो रांजणातून भरलेला आपला तांब्या पुढे करू लागला, आमच्याही पाण्यातला घोट घ्या म्हणून. तो एकेकाच्या तांब्यातला घोट घेत गेला. पोटातले घशाशी येत होते, ते परत गिळत होता, पण हसणे सोडले नाही. मग म्हातारीने पेला नातीच्या तोंडाला लावला.

तेवढ्यात गिरजा माजघरातून धावत आली आणि तिने तो पेला उडवला. “पिऊ नगा! हिरीत घूस मेलीया. धन्याला ठावं हाय. मलाबी ठावं हाय.”

लोक जागच्या जागी ओकू लागले. म्हातारीने म्हाळोजीला एवढेच विचारले, “ठावं असून प्यालास?”

“नाव गेलं असतं,” तो म्हणाला.

घुशीची किळस चूळ भरली की जाते. या उत्तराची मला अजून येते.

म्हाळोजी हगवणीने गेला. चांगुणाची नात जगली. पण त्याच्या आग्रहाखातर सकाळपासून पेल्यावर पेले रिचवलेले पुष्कळ जण पुन्हा नावेत बसले नाहीत. त्यांना याच घाटावर जाळले. म्हाळोजीला देव करून त्याच्या नावाने हळदकुंकू वाहणाऱ्यांना हे ऐकायचे नसते.

गिरजा एकटी विहिरीत उतरली. तिने गाळात हात घालून कुजके मांस, केस, हाडे वेचून काढली आणि विहीर उपसली. तिच्या अंगाचा वास जाईना, शेजारणी तिला दारात उभी करीनात. विहिरीला चांगले पाणी आले, तशी ती तांब्या घेऊन घाटावर उभी राहू लागली. नावेतून उतरणाऱ्याला आपल्या घरात काय घडले ते सांगायची, स्वतः घोट घ्यायची, पेला भरून पायरीवर ठेवायची आणि मागे सरायची. कोणी पीत नसे. लोक थुंकून पुढे जात. एका नावाड्याला तिची कीव आली. तो म्हणाला, “अगं, घुशीचं नगं सांगू. नुसतं पाणी दे.”

“न सांगता लई पाजलंय,” गिरजा म्हणाली.

आजही पेठेत पाहुणा आला की आम्ही जुनी माणसे आधी ही गोष्ट सांगतो, मग घोट घेतो, मग पेला भरतो. ऐकून कितीतरी जण पिशवीतली बाटली काढतात. माझा मुलगा म्हणतो, आई, गोष्ट जरा बदल, गिऱ्हाईक बिथरते. मी बदलत नाही. गिरजेच्या पेल्याला पहिल्यांदा हात कोणी लावला, ते माझ्या सासूला ठाऊक नव्हते, मलाही नाही. कोणीतरी लावला असणार, नाहीतर या पेठेत पुन्हा कोणी उतरलेच नसते.

हे बघा, मी प्याले. पेला इथे ठेवते आणि आत जाते.