धबधब्याचा तुकडा

सेन्सॉरने ‘केवळ प्रौढांसाठी’ म्हणून पास केलेला सिनेमा गावच्या टॉकीजला लागला आणि नीतिरक्षण समितीचे अध्यक्ष अप्पासाहेब कुलथे पेटले. “मी पोस्टरसुद्धा पाहिलेलं नाही, पण सिनेमा अश्लील आहे. टॉकीजचा परवाना रद्द करा!” असा अर्जच त्यांनी ठोकला. तहसीलदार मोहितेबाई म्हणाल्या, “आधी बघू, मग ठरवू.”

परवाना गेला तर ऑपरेटर बाबालाल तांबोळीची भाकरी जाणार होती. तीस वर्षं तुटकी रिळं जोडण्यात घालवलेला गडी तो. त्याने गुपचूप कात्री चालवली आणि एक तुकडा खिशात घातला.

खेळ सुरू झाला. तिसरं रीळ निम्मं सरलं तसे अप्पासाहेब ताडकन उठले. “थांबवा! ही शुद्ध फसवणूक आहे! मोटार पंक्चर झाल्यावर धबधबा येतो, तो कुठं गेला?”

दिवे लागले. बाबालालने केबिनच्या झरोक्यातून डोकं बाहेर काढलं. “माझ्या खिशात आहे, अप्पासाहेब. तो हुडकायला कोण उठतंय, तेवढंच बघायचं होतं.”

मोहितेबाईंनी अर्जाची घडी करून अप्पासाहेबांच्या हातात ठेवली आणि शिपायाला म्हणाल्या, “यांना बाहेर घेऊन जा. यांचं आता फक्त पोस्टर बघायचं राहिलंय.”